गाडी थंड असताना

१९ नोव्हेंबर

ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. आधी रद्दी बिलांच्या पाठीमागे कच्चं लिहिलं आणि मग हे पक्कं उतरवलं. खाडाखोड केलेला कागद तू कधी हातात घेत नसायचीस, ते माझ्या अजून लक्षात आहे.

परवा फोनवर तू विचारलंस, "गाडीतच काही आहे का रे, की ह्यांचं परत सुरू झालंय?" आणि मी म्हणालो, "नवरा तुझा, मला काय विचारतेस?" असं बोलायला नको होतं. दुकानात समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि मालक बघत होते. ही सबब झाली, हे मला कळतं.

गाडीबद्दल मात्र खात्रीने लिहितो. गॅसचं किट बसवल्यावर भाऊजी ती एकदा परत घेऊन आले होते. तेव्हा मी बॉनेट उघडून, कान देऊन, लॅपटॉप लावून बघितलं. गॅसवर गाडी मखमलीसारखी चालते. बोल्टला विचार हवं तर. बोल्ट म्हणजे आमचा जुना फिटर, नळ्या तोच जोडतो. तो कोणाची उगाच तारीफ करत नाही.

आता सकाळी ती बंद का पडते, ते सांगतो. गाडी थंड असताना पेट्रोलवरच सुरू होते. इंजिनातलं पाणी गरम झालं की आपोआप गॅसवर जाते. म्हणजे सकाळची पहिली काही मिनिटं माझ्या कामाचा तिच्याशी संबंध येत नाही. भाऊजी चावी फिरवताना ॲक्सिलरेटर दाबत असतील. जुन्या गाड्यांची ती सवय जात नाही. त्यांना सांग, पाय लांब ठेवा. शिवाय पेट्रोल कोणत्या पंपावर भरतात तेही बघायला हवं. माझी चूक असती, तर समोरचा पिवळा दिवा लागला असता. तो लागलेला नाही.

भाऊजींना डायलिसिसच्या पेशंटना न्यायला उशीर झाला, दवाखान्यातून बोलणी बसली, हे ऐकून वाईट वाटलं. पहिली फेरी एवढ्या पहाटे असते, त्यात थंडी. होतं असं कधीकधी.

भाऊजींना नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

तुझा,
बारक्या

२८ नोव्हेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज गेटवर जाऊन बघत होतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भाऊजींना न विचारता तूच बघ. सकाळी गाडी सुरू करतात तेव्हा मागून धूर येतो का, आणि आला तर पांढरा की काळा? दुसरं, तू म्हणालीस की ते सगळ्यांच्या आधी उठून बाहेर जातात, डोळे लाल करून परत येतात आणि अंगाला कसलासा वास असतो. तो वास कपड्यांना आहे की तोंडाला, एवढंच बघ. कपड्यांना असेल तर ते पेट्रोल आहे. पेट्रोलचा वास नाकात जातो, पण थोड्या वेळाने उडून जातो. दुसरा वास तसा उडत नाही, हे तुला मी सांगायला नको.

काल दवाखान्याच्याच कामावरचा दुसरा एक ड्रायव्हर त्याची गाडी फिल्टर बदलायला घेऊन आला. ऐसपैस बसला, पाय पसरले, आणि म्हणाला, "तुमचे पाहुणे घरी बसले की."

मी म्हटलं, "घरी म्हणजे?"

"फेऱ्या काढून घेतल्या त्यांच्या. परत बाटली जवळ केली म्हणे. इतकी वर्षं चांगली सोडली होती बिचाऱ्याने."

बोल्ट गाडीखालनं ओरडला, "तू पाहिलंस का पिताना?"

"पाहायला कशाला पाहिजे? रोज सकाळी गाडी बंद पाडतोय माणूस. हात थरथरल्याशिवाय पडते का?"

मी फिल्टरची क्लिप आवळत होतो. ती आवळून झाली होती, तरी आवळत राहिलो.

एक सांगायचं राहिलं होतं. फेऱ्या काढायच्या आधी दवाखान्याची वाहतूक बघणाऱ्या बाईंचा दुकानावर फोन आला होता, तो मीच उचलला. गाडीत दोष आहे का, असं त्यांनी विचारलं. मी एवढंच म्हणालो की गाडीत दोष नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

धुराचं नक्की बघ.

बारक्या

६ डिसेंबर

ताई,

मागच्या पत्रातली शेवटच्या ओळीआधीची दोन वाक्यं खोटी आहेत. मी फोनवर एवढंच म्हणालो नव्हतो, आणि तेव्हा मला तसं वाटतही नव्हतं. पहिल्या पत्रातली पिवळ्या दिव्याची गोष्ट खरी आहे, पण ती ज्यासाठी लिहिली ते कारण खोटं आहे. आता क्रमाने लिहितो. मधेच थांबलो, तर पुन्हा लिहिणार नाही असं वाटतं.

भाऊजी पहिल्यांदा किट बसवायला आले, तो दिवस. गाडी आत घेतली आणि दारातूनच मोठ्याने म्हणाले, "कुठे आहेत आमचे इंजिनीअरसाहेब?"

सगळे हसले. बोल्ट म्हणाला, "हे बघा, टेबलावर बसलेत. आम्ही गाडीखाली, साहेब टेबलावर."

"बसू दे, बसू दे. डोकं आहे त्याला," भाऊजी म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

ताई, इथे सगळ्यांना वाटतं की माझा डिप्लोमा झालाय. मी तसं कधी म्हणालो नाही. पहिल्याच आठवड्यात मालकांनी माझं अक्षर बघितलं, आकडे रकान्यात कसे मांडतो ते बघितलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमचा डिप्लोमावाला करेल." मी गप्प बसलो. पुढे तेच चालत राहिलं. मी नववीतून बाहेर पडलो, हे इथे फक्त एका माणसाला माहीत होतं आणि तो माणूस दारात उभा राहून मला डोळा मारत होता. मला वाटलं, आता हा गंमत म्हणून सगळं सांगणार. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. पोटात काही ठेवायचं त्यांना जमत नाही.

आता कामाचं सांगतो. तुला समजेल असं लिहितो.

गाडीचा स्वतःचा एक कॉम्प्युटर असतो. पेट्रोल किती वेळ सोडायचं, ते तो ठरवतो. आपण किट बसवतो त्यात गॅसचा दुसरा छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला आम्ही ईसीयू म्हणतो. तो पहिल्याने ठरवलेल्या वेळेला एका आकड्याने गुणतो आणि तेवढा वेळ गॅस सोडतो. हे आकडे एका तक्त्यात भरलेले असतात. त्याला मॅप म्हणतात. मॅप करायचा म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायची. गाडीचा मालक ती चालवतो, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो आणि बोल्ट मागे बसून गळतीचा आवाज ऐकतो. एकदा पेट्रोलवर जायचं, मग त्याच रस्त्याने गॅसवर. पडद्यावर घरं असतात, त्यात ठिपके पडत जातात. दोन्हीचे ठिपके एकमेकांवर बसेपर्यंत मी आकडे बदलत राहतो. चढ, उतार, गर्दी, मोकळा रस्ता, सगळं घ्यावं लागतं. तासभर तरी जातो आणि त्या तासभरात गाडीचा मालक हमखास बोलत असतो.

भाऊजी तासभर बोलणार, आणि मागे बोल्ट बसलेला. घरी का येत नाहीस हे विचारणार, ताई तुझ्या नावाने दोन घास कमी खाते हे सांगणार, आणि शाळेचा विषय निघणारच.

दुकानाच्या लॅपटॉपमध्ये आधीच्या एका लॉन्ड्रीवाल्याच्या गाडीचा मॅप साठवलेला होता. गाडी तीच, वर्ष तेच, रंगसुद्धा तोच. मी तो मॅप उचलला, भाऊजींच्या गाडीत टाकला, जागेवर उभी करून गॅसवर घेतली आणि म्हणालो, "झालं."

"एवढ्यात? रस्त्यावर नाही न्यायची?" ते म्हणाले. "मला वाटलं, बसू जरा दोघं."

"गरज नाही. ह्याच मॉडेलचा मॅप तयार आहे."

"बघा," ते बोल्टला म्हणाले, "ह्याला म्हणतात डोकं." आणि गेले.

मी एरवी एक नटसुद्धा दोनदा आवळून बघतो. मालक मला त्यावरून चिडवतात. त्या दिवशी मी नोझल बघितले नाहीत. नोझल म्हणजे गॅस ज्यातून जातो ते बारीक भोक. लॉन्ड्रीवाल्याच्या गाडीचे नोझल मी स्वतः ड्रिलने मोठे केले होते. भाऊजींच्या गाडीत बोल्टने डब्यातले बारीक बसवले होते. मोठ्या भोकाचा मॅप बारीक भोकाला लावला म्हणजे इंजिनाला गॅस कमी पडणार.

मग गाडी गॅसवर नीट कशी चालत होती? ह्याचं उत्तर लिहायलाच मला इतके दिवस लागले. गॅस कमी पडतोय हे गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला कळतं. तो बंद पडत नाही, दिवाही लावत नाही. थोडं वाढवून सोडायला लागतो. अजून कमी पडलं की अजून वाढवतो. गाडी मखमलीसारखी चालते आणि ते वाढवणं त्याच्या अंगवळणी पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असते, पेट्रोलवर सुरू होते, तेव्हाही तो त्याच सवयीने वाढवूनच सोडतो. पण आता पेट्रोल कमी नसतंच. ते जास्त होतं, प्लग भिजतात, काळा धूर येतो आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. चूक गॅसची असते आणि बोल लागतो पेट्रोलला. पेट्रोलला नाही तर चालवणाऱ्याला.

आणि इथे येईपर्यंत गाडी गरम झालेली असायची, गॅसवर गेलेली असायची. इथे आली की शहाणी.

भाऊजी परत आले तेव्हा म्हणाले, "सकाळी काळा धूर सोडते रे, बंद पडते."

काळा धूर हे दोन शब्द ऐकले आणि मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. लॅपटॉप लावला, तर गाडीचा कॉम्प्युटर किती वाढवून सोडतोय तो आकडा समोर होता. दिवा लागायला थोडासाच कमी. दुरुस्त करायचं तर मॅप नव्याने करावा लागणार होता, म्हणजे रस्त्यावर न्यावी लागणार होती. म्हणजे मालकांनी विचारलं असतं की पहिल्यांदा का नाही नेलीस. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, "भाऊजी, सकाळी पाय जरा हलका ठेवा." बोल्ट हसला. भाऊजीही हसले. "म्हातारा झालो म्हणायचा," म्हणाले.

नंतर बाईंचा फोन. त्यांनी विचारलं, "गाडीत दोष आहे का? माझ्याकडे तक्रारी आल्यात, मला खरं सांगा."

मी म्हणालो, "गाडीत काही नाही. गाडी चालवणाऱ्याच्या हातावर असते. सकाळच्या वेळी काही जणांचा हात स्थिर नसतो."

मग म्हणाल्या, "अच्छा. तसं आहे होय."

मी "नाही, तसं नाही" म्हणालो नाही. एवढंच लिहायचं होतं. तुझ्या पुढ्यात उभं राहून हे मला बोलता आलं नसतं. खरं तर पुढ्यात उभं राहायचं म्हणूनच मी येत नाही.

बारक्या

१५ डिसेंबर

भाऊजी,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करायची हे कळत नाही. शिरसाष्टांग वगैरे लिहिलं तर तुम्ही हसाल.

ताईला मी सहा तारखेला सगळं लिहिलं होतं. तिने माझंच पत्र मला परत पाठवलं. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात दोन ओळी होत्या. "तुझ्या बोलण्यावर मी ह्यांची पिशवी उपसली, कपाट उपसलं, झोपेत तोंडाचा वास घेतला. हे मला कशाला सांगतोस? ज्यांचं आहे त्यांना सांग."

म्हणून ते पत्र ह्याच पाकिटात घातलंय. ते आधी वाचा, मग हे वाचा.

पत्र टाकून मोकळं व्हायचं नाही असं ठरवून आधी दोन कामं केली. मालकांना नववीचं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "नववी तर नववी. मी आठवीवाला आहे, दुकान चालवतोच की. पण रस्त्यावर न नेता मॅप टाकलास? माझ्या दुकानात?" नववीवर ते एवढंच बोलले. मॅपवर मात्र इतकं बोलले की बोल्ट पाना ठेवून बाहेर गेला. जे लपवायला मी हे सगळं केलं, त्याची कोणाला पडलेलीच नव्हती. आता मी टेबलावर नाही. बोल्टच्या हाताखाली नळ्या कापतो. बोल्ट म्हणतो, "या साहेब, खाली या, इथे गार असतं." तो चिडवतो, पण पाना हातात देताना दांड्याकडून देतो.

दुसरं, दवाखान्यात गेलो. बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बराच वेळ बसलो. आत गेल्यावर म्हणालो, "मी फोनवर खोटं बोललो."

त्या म्हणाल्या, "कोणत्या फोनवर?"

मला वाटलं होतं की त्यांना तो फोन पाठ असेल. मी सगळं सांगितलं, नोझलपासून. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे दारूचं तुम्हीच सुचवलंत."

"मी दारू हा शब्द काढला नव्हता."

"नव्हता काढलात. काढला असतात, तर मी दोनदा विचार केला असता. माणूस कोणाबद्दल वाईट बोलायला कचरतो, तेव्हा आपल्याला ते खरं वाटतं."

मी खाली बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"मेव्हणा."

"तुम्हीच का ते?" त्या म्हणाल्या. "मी त्यांना बोलावून विचारलं होतं, गाडीचं काम कुठे केलंत, तिथे जाऊन भांडा. तर म्हणाले, काम माझ्या मेव्हण्याने केलंय, इंजिनीअर आहे तो, त्याच्या कामात खोट निघायची नाही. माझाच पाय चुकत असेल. स्वतःच म्हणाले. मग मी काय करणार होते?"

भाऊजी, मला वाटायचं तुम्ही चारचौघांत मला इंजिनीअर म्हणता ते टोचायला म्हणता. त्या खोलीतही तुम्ही तेच म्हणालात, जिथे मी नव्हतो आणि हसायलाही कोणी नव्हतं.

बाईंनी असं सांगितलंय: गाडी नीट करा. मग ती रात्री दवाखान्याच्या आवारात लावायची आणि किल्ली त्यांच्याकडे द्यायची. सकाळी त्या स्वतः सुरू करणार. सलग काही दिवस पहिल्या फटक्यात सुरू झाली, तर फेऱ्या परत. दारूचं बोलणं ज्यांच्यासमोर झालं, त्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर मी काय केलं ते मीच सांगायचं, अशी त्यांची अट आहे. ती मी मान्य केलीय.

मालकांनी एका दिवसापुरता लॅपटॉप दिलाय. रविवारी सकाळच्या पहिल्या बसने येतो. तुम्हाला दोन गोष्टी मागायच्या आहेत.

एक, शनिवारी संध्याकाळनंतर गाडी सुरू करू नका. पूर्ण थंड राहू द्या. ती कशी बंद पडते, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. आजवर ते फक्त तुम्हीच बघितलंय.

दुसरी, मॅप करताना गाडी तुम्ही चालवा. मी शेजारी बसेन. बोल्ट नसेल, कोणीच नसेल. तुम्हाला जे बोलायचं असेल ते बोला. माझ्या हातात लॅपटॉप असेल, पण माझं लक्ष असेल.

नको म्हणालात तर मी मालकांना विचारून दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो. गाडी दुरुस्त व्हायलाच हवी, माझ्याकडून किंवा कोणाहीकडून.

बारक्या

२९ डिसेंबर

ताई,

गाडी रोज पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि फेऱ्या परत मिळाल्या, हे भाऊजींनी तुला सांगितलं असेलच. ड्रायव्हरांसमोर मी काय बोललो तेही कानावर आलं असेल. मला ते पाठ करून गेल्यासारखं नीट बोलायचं होतं, पण मधेच आवाज गेला. तो पाय पसरून बसणारा ड्रायव्हर म्हणाला, "बास झालं, कळलं," आणि त्यानेच मला पाण्याची बाटली दिली.

पण त्या रविवारी गाडीत काय झालं, ते त्यांनी तुला सांगितलं नसणार. तू बाहेर आली नाहीस. पायरीवर चहाचे दोन कप झाकून ठेवलेले होते. एकच असता तरी मला चाललं असतं. दोन बघून मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो.

भाऊजी आधीच गाडीत बसले होते. मला बघून "ये" म्हणाले नाहीत, "जा" म्हणाले नाहीत. मी खिडकीशी गेलो, तशी त्यांनी चावी फिरवली. पाय वर उचलून, मला दिसेल असा लांब धरून. गाडी धडधडली, काळा धूर सोडला आणि मेली. परत फिरवली. परत मेली. त्या धुराने माझे डोळे चुरचुरायला लागले. ते रोज पहाटे एकटेच हे करत होते, कोणाला दिसायच्या आधी गाडी चालू करून ठेवायला, आणि तेच लाल डोळे घेऊन घरात येत होते.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"बघितलं."

मी नोझल बदलले, गाडीच्या कॉम्प्युटरची ती जुनी सवय पुसून टाकली आणि मॅप कोरा केला. मागचं दार उघडून बघतो तर सीटवर पाण्याचे मोठे कॅन भरून ठेवलेले, आणि प्रत्येकाला बेल्ट लावलेला.

मी विचारलं, "हे काय?"

"पेशंट. रिकाम्या गाडीवर मापं घेशील आणि भरलेल्या गाडीला लावशील, तुझा काय भरवसा?"

हसावं की नाही, हे मला कळेना. ते समोर बघत होते.

निघालो. आधी पेट्रोलवर. मी सांगत होतो, "तिसऱ्या गिअरवर धरा," "आता सोडा," "हळूहळू दाबा." ते तसंच करत होते. मी इतक्या लोकांच्या शेजारी बसून मॅप केलेत, पण सांगितलेल्या वेगावर काटा इतका स्थिर धरणारा माणूस बघितला नाही. काटा जरासुद्धा हलत नव्हता. सकाळच्या वेळी काही जणांचा हात स्थिर नसतो, असं मी म्हणालो होतो. मी त्या हातांकडे बघायचं टाळत होतो आणि पडद्यावर ठिपके एका रेषेत पडत होते.

मग त्याच रस्त्याने गॅसवर. मला वाटत होतं, आता बोलतील. मी त्यासाठी तयारी करून आलो होतो. शाळेचं, तुझं, दारूचं, काय विचारतील त्याची उत्तरं बसमध्ये जुळवली होती. त्यांनी काही विचारलं नाही. एवढं बोलणारा माणूस, सबंध रस्ता गप्प. फक्त "किती वेळ धरू?" आणि "आता?"

परतीच्या वळणाआधी मीच म्हणालो, "भाऊजी, मी शेजारी बसायला घाबरत होतो, म्हणून हे सगळं झालं."

त्यांनी आरशात बघितलं, सिग्नल दिला. मग म्हणाले, "मी पण त्या दिवशी तासभर मिळेल म्हणूनच सकाळच्या फेऱ्या दुसऱ्याला देऊन आलो होतो."

माझ्या हातून काय गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

वळण आलं. घर डावीकडे होतं. त्यांनी गाडी हळू केली, पण वळवली नाही. समोर बघतच विचारलं, "बारक्या, पुढे पुलापलीकडे एक मोठा चढ आहे. तुझ्या त्याच्यात तो लागेल का?"

ताई, पडद्यावरची सगळी घरं भरून झाली होती. दोन्हीचे ठिपके एकमेकांवर बसले होते. मॅप पुरा झाला होता.

मी म्हणालो, "लागेल."

त्यांनी गाडी सरळ घेतली.

तुझा,
बारक्या